पुडीतले बी आणि बाजारातले फळ

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्यावर, मीना नदीच्या काठी वसलेले नारायणगाव महाराष्ट्रातील निरनिराळ्या मंडळींना निरनिराळ्या कारणांनी परिचित आहे. तमाशाच्या रसिकांना ते विठाबाई भाऊ मांग यांचे गाव म्हणून प्रिय आहे आणि खगोलशास्त्राच्या अभ्यासकांना शेजारच्या खोडद येथील प्रचंड रेडिओ दुर्बिणीमुळे त्याचे नाव ठाऊक आहे. परंतु भाजीपाल्याच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या लेखी नारायणगाव म्हणजे टोमॅटो होय. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांनी जुन्नर-आंबेगावच्या या मुलखाला फाल्गुन-चैत्रातही पाणी पुरवले, आणि ज्या ऋतूत अन्यत्र पुष्कळ ठिकाणचे टोमॅटोचे झाड उन्हाने हतबल झालेले असते, त्याच ऋतूत येथील शेतकरी आपले फळ बाजारात आणू लागला. येथील उपबाजाराचे वैभव मुख्यतः या एका गोष्टीवर उभे आहे.

हंगामाच्या भरात या आवारात वीस-वीस किलोंच्या प्लॅस्टिकच्या कॅरेटच्या थप्प्यांमधून वाट काढणे कठीण होते. लिलावाची वेळ होईपर्यंत प्रत्येक शेतकरी शेजाऱ्याच्या कॅरेटमधले फळ हाती घेऊन अंगठ्याने दाबून पाहतो, देठाकडची बाजू उलटून पाहतो, आणि भावाची चौकशी करण्यापूर्वीच विचारतो, “कोणती व्हरायटी, दादा?” हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा नव्हे. ज्याने तो विचारला त्याच्या मनात पुढील वर्षाची लागवड आधीच घोळत असते, आणि ज्याला तो विचारला गेला त्याने त्याचे उत्तर चार-पाच महिन्यांपूर्वी, रोपवाटिकेत रोपांची नोंदणी करताना, एकदाच आणि अपरिवर्तनीय रीतीने देऊन टाकलेले असते. खत कमीअधिक करता येते, पाण्याच्या पाळ्या बदलता येतात, फवारणी लांबवता अथवा अलीकडे घेता येते. एकदा लावलेले वाण मात्र शेवटच्या तोड्यापर्यंत बदलता येत नाही. म्हणूनच टोमॅटोच्या शेतीतील हा सर्वांत लहान खर्चाचा निर्णय सर्वांत मोठ्या परिणामाचा ठरतो.

खर्च लहान हे म्हणणे अक्षरशः खरे आहे. टोमॅटोचे एक ग्रॅम बी घेतले तर त्यात तीनशेच्या आसपास दाणे भरतात. साडेचार-पाच फुटांवर वाफे आणि दीड फुटावर रोप अशी मांडणी केली तर एकरी सहा ते सात हजार रोपे पुरतात, म्हणजे एका एकराचे सारे भवितव्य मुठीत मावेल एवढ्या बियाण्यात सामावलेले असते. हल्ली बहुतेक शेतकरी बी स्वतः टाकीत नाहीत. कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये रोपवाटिकेने वाढवलेली, तीन ते चार आठवड्यांची रोपे ते नगावर विकत घेतात. मग मल्चिंगचा कागद, ठिबकच्या नळ्या, बांबू, तार, सुतळी, बांधणीची आणि तोडणीची मजुरी, खते आणि औषधे यांचा जो हिशेब सुरू होतो, तो पाहता पाहता लाखाच्या पलीकडे जातो. त्या साऱ्या रकमेत रोपांचा वाटा इतका अल्प असतो की त्याची काटकसर करण्यात काही अर्थ नसतो, आणि नेमक्या याच कारणाने कोणते रोप घ्यावे याविषयी बाजारात सल्ल्यांचा पूर येतो. दुकानदार एक नाव सांगतो, कंपनीचा प्रतिनिधी दुसरे सांगतो, आडत्या तिसरे सुचवतो, आणि गेल्या वर्षी ज्याला चांगला भाव मिळाला त्या भाऊबंदाचे म्हणणे या सर्वांहून वजनदार ठरते, मग त्याचा भाव वाणामुळे मिळाला की केवळ तोड्याच्या तारखेमुळे मिळाला याची खातरजमा कोणीही करीत नाही.

या गोंधळात पुडीवरचा छापील मजकूर शेतकऱ्याला किती साह्य करतो? फार थोडे. 1966 च्या बियाणे कायद्यानुसार टोमॅटोच्या बियाण्याची उगवण किमान 70 टक्के असावी, शुद्धता ठरल्या प्रमाणात असावी, चाचणीची तारीख आणि लॉट क्रमांक छापलेला असावा, इतपत हमी विक्रेत्याने द्यावयाची असते. अधिसूचित न झालेली खासगी संकरित वाणे सत्यतादर्शक लेबलाखाली विकण्यास मुभा आहे, आणि बाजारात चालणारी बहुतेक वाणे याच वर्गातली आहेत. म्हणजे बी उगवेल की नाही याचा जामीन कायदा घेतो. पण उगवलेले झाड जुन्नरच्या मे महिन्यात फळ धरील की फूल गाळील, तोडलेले फळ चौथ्या दिवशी दिल्लीत ताठ उभे राहील की पाणी सोडील, या ज्या दोन प्रश्नांवर शेतकऱ्याचा संसार अवलंबून आहे त्यांच्याविषयी लेबल मौन पाळते. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने बियाणे खरेदी करणारा शेतकरी हा ग्राहकच आहे असा निर्णय देऊन सदोष बियाण्याच्या नुकसानभरपाईसाठी ग्राहक मंचाचे दार त्याला मोकळे असल्याचे स्पष्ट केले, ही मोठीच गोष्ट झाली. तथापि निर्दोष पण गैरलागू बियाण्याची दाद कोणत्याही न्यायालयात लागत नाही, आणि टोमॅटोच्या शेतकऱ्याचे नुकसान पुष्कळदा या दुसऱ्या प्रकारचे असते.

वाणांचा इतिहास थोडा पाहिला म्हणजे ही अडचण कशी उत्पन्न झाली ते ध्यानात येते. विदर्भ-खानदेशात ज्याला भेदरे म्हणत, ते परसातले लहान, आंबट, कळ्या पडलेले फळ हे आपल्याकडील जुने टोमॅटो. त्यानंतर दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा रुबी आली आणि पुष्कळ वर्षे टिकली. तिचे फळ रसाळ, चवीला उत्तम, परंतु सालीने इतके नाजूक की बांबूच्या करंडीत तळाशी गेलेला माल मुंबईस पोहोचेपर्यंत ओला होऊन जाई. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अर्का सौरभ आणि अर्का विकास, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने धनश्री आणि भाग्यश्री अशी सरळ वाणे दिली. सरळ वाणाचे बी शेतकरी स्वतःच्या शेतात धरू शकतो, हा त्यांचा मोठा गुण. 1970 च्या दशकात इंडो-अमेरिकन या बंगळूरच्या कंपनीने संकरित बियाण्याचा व्यवहार देशात रुजवला, आणि पुढे वैशाली, रूपाली, रश्मी ही नावे महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत घरच्या लेकींच्या नावांप्रमाणे बोलली जाऊ लागली. त्यांच्या मागून अविनाश, अभिनव, हिमसोना, अन्सल अशी नावे आली. काही गेली, काही अजून आहेत. एखादे संकरित वाण गाजू लागले की चार-सहा वर्षे त्याचे राज्य चालते, मग रोग नवे रूप घेतो किंवा बाजाराची आवड पालटते, आणि ते नाव दुकानाच्या फळीवरून हळूहळू दिसेनासे होते.

संकरित बी इतके मोलाचे का, याचे उत्तर बुलढाणा जिल्ह्यातील देऊळगाव राजाच्या किंवा जालना भागातील शेडनेटमध्ये मिळते. भाजीपाल्याचे संकरित बी तयार करणारी हजारो कुटुंबे त्या कोरडवाहू पट्ट्यात आहेत. टोमॅटोच्या फुलात नर आणि मादी दोन्ही अवयव एकत्र असतात व ते आपले आपणच फलित होते. त्यामुळे संकर घडवायचा तर कळी उमलण्यापूर्वी चिमट्याने तिच्यातील पुंकेसर काढून टाकावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी नर वाणाचे परागकण हाताने तिच्यावर लावावे लागतात. हे काम मुख्यतः स्त्रिया करतात, एकेक कळी हाताळून, आणि कळीमागे कळी असे आठवडेच्या आठवडे. जुन्नरच्या शेतकऱ्याने फाडलेल्या पुडीतील प्रत्येक दाण्यामागे अशा कोणा बाईच्या बोटांचे कौशल्य आणि डोळ्यांचा ताण असतो, हे पुडीवर कोठेही लिहिलेले नसले तरी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आणि त्या दाण्यात दडलेले सामर्थ्य तर याहूनही दुरून आलेले असते. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पेरू, चिली आणि इक्वेडोरच्या डोंगरकपाऱ्यांत व वाळवंटांत, टोमॅटोचे रानटी सोयरे उगवतात; त्यांतील पुष्कळांची फळे हिरवी, केसाळ, काहींची तर तोंडात धरवत नाहीत अशी कडू. कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथील चार्ल्स रिक या शास्त्रज्ञाने आयुष्यभर हिंडून या रानटी जातींचे बी गोळा केले. गॅलापागोस बेटांवरील एका जातीचे बी काही केल्या रुजेना. तेव्हा तेथील महाकाय कासवांना ती फळे खाऊ घालून, त्यांच्या पोटातून निघालेले बी उगवते हे त्याने 1961 च्या सुमारास दाखवून दिले. त्या बेटांवरील एका टोमॅटोच्या देठाला गाठ नसते, आणि यंत्राने तोडणी करताना फळाला देठाचा तुकडा चिकटून राहू नये म्हणून हाच गुण प्रक्रियेच्या टोमॅटोत पुढे आणला गेला. आज बाजारातील ज्या संकरित वाणांना पर्णगुच्छ रोगाला प्रतिकारक म्हणतात, त्यांच्यातील बहुतेक जनुके चिली आणि पेरूकडील या रानटी जातींतूनच आलेली आहेत.

परंतु येथेच शेतकऱ्याने सर्वाधिक सावध राहावयाचे असते. पांढऱ्या माशीने पसरणारा पर्णगुच्छ रोग एकाच विषाणूचा नाही. त्याच्या विषाणूंच्या अनेक जाती भारतात प्रांतोप्रांती आहेत, आणि टीवाय-2 नावाचे जे जनुक बंगळूरकडच्या विषाणूस आवर घालते ते एकटेच असेल तर नवी दिल्ली नावाच्या विषाणूपुढे दुर्बळ ठरते. फुलकिड्यांनी पसरणाऱ्या टोस्पो विषाणूविरुद्ध जे जनुक परदेशांत वापरले जाते, ते तेथील विषाणूसाठी शोधलेले आहे. आपल्याकडे आढळणारा त्याचा भाऊबंद त्या जनुकाला पुरेसा जुमानीलच असे नाही. मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीविरुद्धचे जनुक तर जमिनीचे तापमान 28 अंशांपलीकडे गेले की निष्प्रभ होऊ लागते, आणि एप्रिल-मे महिन्यांत जुन्नरच्या मोकळ्या रानातील माती त्याहून पुष्कळ तापते. म्हणून पुडीवर रोगांची जी लांबलचक यादी छापलेली असते, तिच्याकडे पाहून समाधान मानू नये. हे सामर्थ्य कोणत्या विषाणूवर, कोणत्या मुलखात आणि कोणत्या ऋतूत पारखले गेले, असे विचारावे. सहनशील म्हणून विकलेले झाडही विषाणू अंगी बाळगीत हिरवेगार उभे असू शकते आणि शेजारच्या नाजूक वाणाच्या प्लॉटला रोगाचे भांडार ठरू शकते, हेही सांगणारा माणूस शोधावा.

2020 च्या उन्हाळ्याने हा धडा अत्यंत कठोरपणे शिकवला. टाळेबंदीने बाजार आधीच विस्कळीत झालेले असताना, एप्रिल-मे महिन्यांत नारायणगाव, संगमनेर, अकोले या पट्ट्यातील आणि सातारा भागातील प्लॉटमध्ये फळे पिकताना लाल, पिवळी आणि हिरवट अशा पट्ट्यांची दिसू लागली. शेतकऱ्यांनी त्या रोगाला तिरंगा असे नाव दिले. फळ आतून कठीण आणि काळपट, बाजारात कवडीमोल. टोमॅटो खाल्ल्याने माणसाला रोग होतो अशी निराधार आवई त्यातच उठली. वनस्पतींचा विषाणू माणसाला बाधत नाही हे सांगेसांगेपर्यंत व्हायचे ते नुकसान होऊन गेले. नमुने बंगळूरच्या संस्थेकडे गेले तेव्हा त्यांत काकडीवर्गीय पिकांवरील मोझॅक विषाणू आणि त्याच्या जोडीस इतर विषाणू आढळले. हा मोझॅक विषाणू हजाराहून अधिक वनस्पतींवर जगतो आणि मावा त्याला क्षणार्धात एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो; कीटकनाशकाने मावा मरेपर्यंत विषाणू पोहोचवून झालेला असतो. बाजारातील कोणत्याही प्रचलित वाणात त्याच्याविरुद्ध भरवशाचे सामर्थ्य नव्हते. त्या वर्षी बहुतेकांनी आपल्या वाणाला दोष दिला, काहींनी बियाण्याला, काहींनी औषधाला. वास्तविक तेथे वाणाच्या निवडीची मर्यादाच संपलेली होती, आणि बाराही महिने एकाच मुलखात टोमॅटोमागे टोमॅटो लावण्याच्या आपल्या मामुलाचा विचार करण्याची ती वेळ होती. दोन हंगामांमध्ये रान काही आठवडे टोमॅटोविना ठेवावे, ही सूचना त्यानंतर पुष्कळांनी केली. ती अमलात आणणे एकट्या शेतकऱ्याच्या हातचे नाही. गावाने मिळून ठरवले तरच ते साधते.

ऋतूचा प्रश्न रोगापेक्षा साधा वाटतो, पण तो तसा नाही. टोमॅटोच्या झाडाला दिवसा ऊन चालते, रात्री मात्र गारवा हवा असतो; रात्रीचे तापमान 21-22 अंशांपेक्षा बरेच वर राहिले तर परागकण दुर्बळ होतात आणि फूल फळात न बदलता गळून पडते. फळाला लाल रंग देणारे लायकोपीनही 30 अंशांपलीकडे नीट तयार होत नाही, आणि फळ नारिंगी-पिवळसर राहते. म्हणजे जानेवारीत लावलेले आणि मार्चमध्ये लावलेले एकच वाण ही व्यवहारात दोन निराळी पिके होत. उलट नाशिक जिल्ह्यात, पिंपळगाव बसवंतच्या बाजारासाठी जून-जुलैत जी लागवड होते तिला उष्णतेचे भय नसते. तिला भय असते ते ढगाळ, थंड, ओल्या आठवड्यांचे. त्या हवेत येणारा उशिराचा करपा चार दिवसांत उभे शिवार काळे करतो. 2009 नंतर दक्षिण भारतात या बुरशीचा एक नवा, अधिक आक्रमक वंश पसरला आणि जुन्या प्रतिकारक्षमतेवरचा भरवसा कमी झाला. बंगळूरच्या संस्थेने पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक असे अर्का रक्षक वाण दिले, तेव्हा त्यात उशिराच्या करप्याचा समावेश नव्हता. तो अर्का अभेद या पुढच्या वाणात केला गेला. अर्का रक्षकची योग्यता मी कमी लेखीत नाही, सार्वजनिक संस्थेने शेतकऱ्याला दिलेल्या उत्तम देणग्यांपैकी ते एक आहे. परंतु नाशिकच्या श्रावण-भाद्रपदासाठी दोहोंतील हा भेद निर्णायक ठरू शकतो, आणि तो शेतकऱ्यापर्यंत पोहोचवणारी यंत्रणा तुटपुंजी आहे.

आता बाजाराचे फर्मान. गावच्या आठवडी बाजारात विकायचे असेल तर पातळ सालीचे, आंबट-गोड, रसाचे फळ ग्राहक आवडीने घेतो. दिल्लीची किंवा बांगलादेशच्या सीमेची वाट धरणाऱ्या मालाला मात्र जाड साल, घट्ट गर आणि रंग धरू लागताच तोडले तरी वाटेत एकसारखे पिकणे, हे गुण लागतात. अशा फळांचा माल आडत्या पाहताक्षणी निवडतो, आणि उरलेला बदला म्हणून बाजूस पडतो. या निवडीने चवीची किती हानी केली आहे याचे एक शास्त्रीय प्रमाण 2012 साली प्रसिद्ध झाले. फळ एकसारखे फिकट हिरवे दिसावे आणि एकसारखे लाल व्हावे म्हणून पैदासकारांनी सत्तरएक वर्षे जो गुण जपला, तो वस्तुतः फळातील हरितद्रव्य वाढवणाऱ्या एका जनुकाचा बिघाड होता. तो बिघाड नसलेली फळे साखरेने आणि रंगद्रव्याने अधिक संपन्न असतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी सिद्ध केले. देठाकडे गर्द हिरवे असणारे जुने गावठी फळ अधिक गोड असे, ही आपल्या आजीची तक्रार अशा रीतीने प्रयोगशाळेतून खरी ठरली. यासाठी शेतकऱ्यास दोष देणे अन्यायाचे होईल. शेकडो कोस दूर असलेल्या ग्राहकाला तो चव पोहोचवू शकत नाही. तो पोहोचवतो ते न फुटलेले फळ.

भावाविषयी थोडेच लिहितो, कारण त्यावर वाणाची सत्ता चालत नाही. ऑगस्ट 2021 मध्ये किलोला दोन-तीन रुपये मिळाले म्हणून नाशिक आणि औरंगाबाद भागातील शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. जुलै 2023 मध्ये नारायणगावात वीस किलोंचे कॅरेट दोन हजार रुपयांच्या वर गेले, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात भाव पुन्हा कोसळले. या दोन टोकांत वाणाचे काम इतकेच की पडत्या भावात अधिक दिवस टिकणारे फळ विक्रेत्याला एखाद-दोन दिवसांची सवड देते, आणि चढत्या भावात अधिक तोडे देणारे झाड त्या आठवड्यांचा लाभ पुरेपूर पदरात टाकते. यापलीकडे वाणाकडून भावाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

मग निवड करावी कशी? ज्यांनी हे पीक वर्षानुवर्षे सांभाळले आहे अशा जाणत्या शेतकऱ्यांच्या रीतीत मला एक समान सूत्र आढळले. ते सबंध प्लॉट एका वाणाला देत नाहीत. मुख्य वाण असते ते आपल्या आणि शेजारच्या शिवारात किमान दोन हंगाम पाहिलेले. त्याच्या कडेला नव्या वाणाच्या दोन-तीन ओळी असतात, त्याच खताच्या, त्याच पाण्याच्या, आणि त्यांचे तोडे वेगळे मोजले जातात. पहिला तोडा कोणत्या तारखेस, एकूण तोडे किती, बदला किती, चौथ्या दिवशी घरात ठेवलेल्या फळाची स्थिती काय, हे सारे वहीत उतरवले जाते. पुडी, लॉट क्रमांक आणि पावती त्याच वहीत चिकटवलेली असते. दुर्दैवाने तक्रारीची वेळ आली तर तोच दस्तऐवज उपयोगी पडतो.

हे काम एकेका शेतकऱ्याने आपापल्या बांधावर करीत राहावे आणि त्याचे ज्ञान त्याच्याबरोबरच संपावे, ही स्थिती मात्र खेदाची आहे. नारायणगावात कृषी विज्ञान केंद्र आहे, राहुरीस विद्यापीठ आहे, बाजार समित्या प्रत्येक कॅरेटमागे शुल्क घेतात. त्या शुल्काच्या अल्पशा अंशातून दरवर्षी उन्हाळी आणि खरीप अशा दोन्ही हंगामांत, बाजारात विकल्या जाणाऱ्या सर्व प्रमुख वाणांच्या शेजारी-शेजारी चाचण्या घ्याव्यात, त्यांत सार्वजनिक संस्थांची वाणेही मांडावीत, रोगाचे प्रमाण, तोड्यांची वजने आणि टिकवणकाळ यांचे तक्ते रोपांच्या नोंदणीपूर्वी बाजाराच्या आवारात फळ्यावर लावावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. विक्रेत्याच्या हितसंबंधापासून मुक्त असा आकडा शेतकऱ्याला आज जवळपास कोठेच मिळत नाही, आणि लाख-दोन लाखांची जोखीम घेणाऱ्या माणसाचा तो किमान हक्क आहे.

उन्हाळी रोपांची नोंदणी दिवाळीनंतर फार लांब नसते. हा अंक ज्या टोमॅटो उत्पादकाच्या हाती पडेल, त्याने तोपर्यंत आपल्या मागील दोन हंगामांच्या पावत्या आणि तोड्यांच्या नोंदी काढून ठेवाव्यात, शेजाऱ्याच्या नोंदींशी त्या ताडून पाहाव्यात, आणि नवे वाण घ्यायचेच असेल तर पहिल्या वर्षी त्याला दोन-तीन ओळींपेक्षा अधिक जागा देऊ नये, एवढी विनंती आहे.